जाऊबाईंची गुरुवारची प्रार्थना

अकोला, २१ जानेवारी २०२५

प्रिय सुमतीताई,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पार्सल काल पोचलं. रबर शीट दोन, जुन्या पण धड चादरी चार, अंगाला लावायच्या पावडरचा डबा एक, आणि माझ्यासाठी लोकरीचे मोजे. शीटचे तीनशे वीस आणि टपालाचे शंभर, वहीत चढवले. हे पुढच्या आठवड्यात अमरावतीला येतील तेव्हा देतील, नाही म्हणू नकोस. पण एक सांगते. पार्सलवर तू मोठ्या अक्षरात ‘रुग्णाचे साहित्य’ लिहिलंस आणि पोस्टमननं ते दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं. पुढच्या वेळी नुसतं ‘कपडे’ लिही. जाऊबाईंची गादी ओली होते हे मला, तुला आणि शेजारच्या अकीलाभाभीला तेवढं ठाऊक आहे. अकीलाभाभीला का, तर आमचं अंगण रस्त्यावर येतं, म्हणून चादरी मी तिच्या गच्चीवर वाळत घालते. यांना मी सांगितलेलं नाही. थोरल्या वहिनी आहेत त्यांच्या. बाईमाणसाची अब्रू असते.

फोनवर बोलावं तर तुझ्या कानांपायी ओरडावं लागतं, आणि जाऊबाई, म्हणजे आमच्या मैनाबाई, बाजूच्या खोलीत कान टवकारून असतात. म्हणून कागद खर्चते आहे.

दिवाळीत कुलदीप त्यांना सोडून गेला. मांडीचं हाड जुळेस्तोवर पंधरा दिवस ठेवा म्हणाला. स्वतःच्या आईला सोडताना रिक्षासुद्धा थांबवून ठेवली होती त्यानं. हाड जुळलं, नाताळ झाला, नवीन वर्ष लागलं. तो पुण्याहून फोनवर विचारतो, “काकू, आई त्रास तर नाही ना देत?” मी म्हणते, नाही बाबा. खोटं बोलण्याचं पाप त्याच्या नावावर मांडावं म्हणते.

खाणंपिणं, धुणं, नहाणं, त्याचं मला काही नाही. आपण दोघींनी आईचं केलं तसं करते. पण ताई, ही बाई प्रार्थनेत टोमणे मारते! गुरुवारची स्त्रियांची सभा आता आमच्याच घरी भरते, कारण मैनाबाईंना चालवत नाही. बारा-चौदा बाया येतात. सगळ्या डोळे मिटतात आणि जाऊबाई सुरू होतात: “हे सोर्गीय बापा, या घरातल्या चहात साखर पडू दे. सुवार्ताचा हात मोकळा कर बापा, तिले डब्याचं झाकण उघडाची बुद्धी दे.”

बाया म्हणतात, आमेन.

साखर डॉक्टरांनी बंद केली आहे, मी नव्हे! आणि तीसुद्धा फक्त त्यांच्या कपातली. पण हे मी कुणाला सांगू? बोलणं माझ्याबद्दल आणि पत्ता देवाचा. मध्येच डोळे उघडून “जाऊबाई, हे खोटं आहे” म्हणावं, तर प्रार्थनेत विघ्न आणणारी मी ठरते. मागच्या गुरुवारी त्यांनी माझ्या भाकरीसाठी प्रार्थना केली. ती पातळ व्हावी म्हणून.

मी रोज सकाळी गुडघ्यावर बसून म्हणते, प्रभू, मला या बाईवर प्रीती करायला शिकव. उठते, तोवर त्यांची हाक येते, “काहून वं, देवाजवळ माहीच चुगली करून राहिली काय?”

तू चाळीस वर्षं वॉर्डात काढलीस. काय करावं सांग.

तुझी,
सुवार्ता


अमरावती, २७ जानेवारी २०२५

प्रिय सुवार्ता,
सलाम.

पत्र वाचून मी एकटीच हसले. भाकर पातळ व्हावी म्हणून प्रार्थना! आमच्या स्त्रियांच्या संघात असं कुणी नाही, सगळ्या देशासाठी आणि पुढाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. फार कंटाळवाणं असतं.

आता मोठी बहीण म्हणून चार शब्द. राग मानू नकोस. प्रीती म्हणजे मनात गोड वाटणं नव्हे. तसं असतं तर मी सर्जिकल वॉर्डात एक रात्रसुद्धा काढली नसती. माझ्या अंगावर थुंकणारे पेशंट होते, शिव्या देणारे होते, एकानं तर बेडपॅन फेकून मारलं होतं. मी त्याचं अंग पुसलं आणि ताप लिहून ठेवला. प्रीती ही ड्यूटी आहे. मनाचं मन बघून घेतं, हात थांबता कामा नयेत.

तू दहावीला गणितात पहिली आली होतीस. प्रभूनं सांगितलेला क्षमेचा हिशेब तुला पाठ आहे, सत्तर गुणिले सात वेळा. तुझ्या वहीत मैनाबाईंचे अजून पन्नाससुद्धा झाले नसतील. म्हातारं माणूस आहे. घर गेलं, नवरा गेला, पोरगा दारातून परत फिरला. तिच्या हातात आता एक तोंड तेवढं राहिलंय. बोलू दे.

शीट उन्हात वाळवू नकोस, तडकते. सावलीत टाक.

सुमतीताई


अकोला, ८ फेब्रुवारी २०२५

ताई,

सलाम वगैरे राहू दे. रागात लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

आमची प्रणाली नोव्हेंबरपासून घरी आहे. का आहे ते तुला ठाऊक आहे. सासरी धारणीला त्या माणसानं दोनदा हात उचलला. दुसऱ्यांदा मनगट सुजलं, तेव्हा पोरगी अंगावरच्या कपड्यानिशी जीपमध्ये बसून निघून आली. चर्चच्या मंडळीत आम्ही सांगितलं की परीक्षेच्या अभ्यासाला आली. खोटं होतं, पण तिनंच मागून घेतलेलं. म्हणाली, “आई, मला ठरवायला वेळ दे. तोवर माझ्या नावाची चर्चा नको.” मी कुणाशी बोलले नाही. पाळकबाईंशीसुद्धा नाही.

परवा गुरुवारी सभा भरली. प्रणाली स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मैनाबाईंनी आवाज चढवला, म्हणजे तिला आत नीट ऐकू जावं: “बापा, या घरच्या लेकीले नवऱ्याच्या घरी वापस जाची बुद्धी दे. तीन महिने झाले, मायच्या घरी रुसून बसली पोट्टी. माणूस आहे बापा, एखांद्या टायमाले हात उठते. त्याच्यासाठी कोणी संसार मोडते काय? तिच्या मायलेबी अक्कल दे.”

या वेळी आमेन कुणी म्हटलं नाही. आतून ट्रे ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला आणि मागचं दार उघडल्याचा. प्रणाली अकीलाभाभीकडे जाऊन बसली ती रात्री जेवायला आली. माझ्याशी बोलली नाही. तिला वाटतं, मी जाऊबाईंना सांगितलं. मी नाही सांगितलं! त्यांचे कान भिंतीतून ऐकतात.

नंतर मी विचारलं, “जाऊबाई, हे काय केलंत?” तर म्हणाल्या, “मी तुले काय म्हटलं? मी देवाशी बोलत होती.”

ताई, तुझं ते ड्यूटीचं वाचलं. तुझे पेशंट बरे झाले की डिस्चार्ज घेऊन घरी जात होते. वाईटात वाईट माणूस पंधरा दिवसांचा! आणि संध्याकाळी तू साडी बदलून क्वार्टरवर जात होतीस. माझी इथं ड्यूटी बदलत नाही. तुझ्याकडे दोन खोल्या आहेत, संडास आत आहे, हातात चाळीस वर्षांचा सराव आहे आणि तोंडात एवढी प्रीती आहे. मग तू ने त्यांना. ईस्टरपर्यंत ने. तिथून मला पुन्हा लिही सत्तर गुणिले सात.

सुवार्ता


अमरावती, १४ फेब्रुवारी २०२५

सुवार्ता,

पाठव. तुझ्या यजमानांना म्हणावं, सकाळच्या बसनं आणा, मूर्तिजापूरला उतरू देऊ नका, तिथल्या पायऱ्या उंच आहेत. मी खाट लावून ठेवते.

मला आव्हान देऊन पत्र लिहायची गरज नव्हती. नुसतं विचारलं असतंस तरी हो म्हटलं असतं.

सुमतीताई


अकोला, २१ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

हे पत्र यांच्या हाती देते आहे, मैनाबाईंच्या सोबत. पिशवीत साड्या पाच, शीट दोन, गोळ्यांची चिठ्ठी आणि काठी. सकाळची गोळी उपाशीपोटी. भात नको म्हणतात, ज्वारीची भाकर दुधात कुस्करून दे. पातळ कर.

हल्ली त्या फारशा बोलत नाहीत. बरंच आहे, तुला त्रास कमी.

काल गुरुवारची सभा झाली. विशेष काही नाही.

सुवार्ता


अमरावती, १० मार्च २०२५

सुवार्ता,

‘विशेष काही नाही’ हे तीन शब्द तू कोणत्या हातानं लिहिलेस? ज्या हातानं रविवारी चर्चच्या प्रभुभोजनाची भाकर भाजतेस त्याच हातानं?

सांगते काय झालं ते. मैनाबाई आल्यापासून गप्प. खा म्हटलं की खातात, ऊठ म्हटलं की उठतात. मी जेवायच्या आधी म्हटलं, “बाई, आज तुम्ही देवाचे उपकार माना.” तर ताटाकडे बघून म्हणाल्या, “मले येत नाही.” तू लिहिलेली ती बाई, चहातल्या साखरेपासून सुरू करून अर्धा तास देवाला हलू न देणारी, तिला प्रार्थना येत नाही! मला वाटलं, झटका वगैरे येऊन गेला की काय. तोंड बघितलं, हात वर करायला लावले. सगळं ठीक.

गुरुवारी आमच्या संघाला चला म्हटलं. “नाही.” का? “तिथं बाया असतात.” मग असतात की! शेवटी खूप खोदून विचारलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “सुवार्तानं बायाईत देवाले सांगतलं, का माही गादी कोरडी राहू दे म्हणून. दोघी-तिघी हासल्या. मी डोळे उघडून पाह्यलं ना.”

मी चाळीस वर्षं नोकरी केली. कोणाची चादर ओली आहे हे मी शेजारच्या कॉटला कळू दिलं नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरलासुद्धा कानात सांगायचे. आणि माझी बहीण? जिनं मला पार्सलवर काय लिहावं ते शिकवलं? ‘बाईमाणसाची अब्रू असते’, हे तुझंच पत्र माझ्यासमोर आहे.

कुलदीपचा फोन आला होता. त्यानं पुण्याजवळ एका वृद्धाश्रमात नाव घातलंय. मैनाबाईंना विचारलं तर “धाडून द्या” म्हणाल्या. हे ‘धाडून द्या’ एखाद्या पार्सलबद्दल बोलावं तसं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, मी त्यांना पुढे ठेवू शकत नाही. म्हणजे एक तर तुझं घर, नाही तर तो आश्रम. तुझ्या घरी त्या येतील असं मला वाटत नाही. आल्या तरी कोणत्या तोंडानं येतील? ते तोंड तू घेतलंस.

सुमती


अकोला, १७ मार्च २०२५

ताई,

हो, म्हटलं मी! डोळे मिटून, हात जोडून, त्यांच्याच चालीत म्हटलं: “प्रभू, माझ्या जाऊबाईंची रात्रीची गादी कोरडी राहू दे, त्यांना लाज वाटू देऊ नकोस.” हे ‘लाज वाटू देऊ नकोस’ मी मुद्दाम जोडलं, म्हणजे कुणाला बोट ठेवता येऊ नये. मला त्या क्षणी किती बरं वाटलं म्हणून सांगू! दोन आठवडे घशात अडकलेला घास खाली उतरला. त्यांनी माझ्या पोरीचं मनगट चौदा बायांसमोर उघडं केलं, मी त्यांची गादी केली. फिटंफाट.

आणि तू मला माझं पत्र वाचून दाखवतेस? माझ्या पोरीसाठी तुझ्या दोन पत्रांत एक ओळ नाही. मैनाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या याचं तुला वाईट वाटतं. प्रणाली दीड महिना झाला भिंतीकडे तोंड करूनच झोपते. तिला अजून वाटतं मीच सांगितलं. अब्रू काय फक्त म्हाताऱ्यांना असते?

तू म्हणशील, त्यांनी केलं म्हणून तू करावंस का? ताई, हे मी रविवारशाळेत तुझ्याशिवायच शिकले आहे, तू तेव्हा नर्सिंगला गेली होतीस. शिकलेलं सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून राग जात नाही, त्याचं औषध तुझ्या पेटीत असेल तर पाठव.

आता हेही ऐक, नाही तर पाळकबाईंकडून कळेलच. दोन मार्चला प्रभुभोजन होतं. अकरा वर्षं भाकर मी करते. पहाटे उठून केली, पांढऱ्या रुमालात बांधून नेली, मेजावर ठेवली. ताट फिरत माझ्यापर्यंत आलं आणि मी ते पुढे सरकवलं. आपल्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो: या बाईचं कुणाशी तरी वाकडं आहे. माझ्या हातची भाकर सगळ्या मंडळीनं खाल्ली आणि मी बघत बसले. हे माझ्याबरोबर पायी घरी आले. फाटकाशी आल्यावर म्हणाले, “वहिनीचंच ना?” मग त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “गादीचं मला दिवाळीपासून ठाऊक आहे. नाक आहे मला. मी बोललो नाही, कारण तू बोलली नव्हतीस.”

अकीलाभाभीनं तर जाऊबाई गेल्या त्याच संध्याकाळी मला धरलं होतं. गच्चीवर दोरी रिकामी दिसली म्हणून विचारलं, मी सांगितलं. वाटलं, ही तरी माझ्या बाजूची. तर कपड्याचे चिमटे वाटीत टाकत म्हणाली, “अल्ला से मांगने बैठी थी, कि मोहल्ले को बताने?” मी म्हटलं, भाभी, तुमच्यासमोर प्रणाली रडली होती ना? तर म्हणते, “हां. उसके लिए लड़ती ना, सामने बैठ के. मैं भी आती तेरे साथ.”

ते मात्र मला सुचलंच नाही. समोर बसून भांडायचं. आपल्या मंडळीत आपण इतकं हळू बोलतो, की भांडायलाही देवाला मध्ये घालतो.

पण मी त्यांना बोलावणार नाही. कुलदीप त्यांचा मुलगा आहे, त्याला त्याचं करू दे.

सुवार्ता


अमरावती, २३ मार्च २०२५

सुवार्ता,

प्रणालीबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. मी तिच्याबद्दल विचारायला हवं होतं. मला पेशंट समोर दिसला की दुसरं दिसत नाही, ही जुनी सवय.

दुसरंही सांगते, म्हणजे तुझं समाधान होईल. मंगळवारी मी मैनाबाईंवर ओरडले. मी! मिठाचा डबा उघडा टाकला एवढ्यावरून. मुळात त्याच्यावरून नव्हे. दिवसभर एक माणूस काही मागत नाही, काही नाकारत नाही, तुमच्याकडे बघतही नाही, हे मला वॉर्डात कधी भोगावं लागलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर मी प्रीती केली असती. तुझं ड्यूटी बदलण्याचं म्हणणं खरं आहे. मी चाळीस वर्षं आठ-आठ तासांची प्रीती केली.

ओरडल्यावर त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आता कशी सुवार्ताच्या बहिणीसारखी बोल्ली.” आणि मग आपणहून विचारलं, “त्या पोट्टीचा हात बरा झाला काय?”

मी म्हटलं, मनगट सुजलं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं? “ठाऊक होतं. पोळ्या डाव्या हातानं लाटे.” मग तशी प्रार्थना काहून केली? खाटेवरची चादर ओढून सारखी केली. मग म्हणाल्या, “मले मायनं चार खेपा वापस धाडलं होतं. पातुरच्या बसमंदी बसवून द्यायची अन् डबा द्यायची संगं. मले वाटलं, मायनं असंच कराव लागते. मले कोणी इचारलं नव्हतं, म्या पोट्टीले इचारलं नाही.”

एवढंच बोलल्या. रडल्या-बिडल्या नाहीत. पुन्हा भिंतीकडे तोंड.

पण एक गोष्ट मी तीन आठवडे बघते आहे, तुला लिहावी की नाही ठरत नव्हतं. दर गुरुवारी दुपारी त्या उठतात, तोंड धुतात, ती फिकी निळी साडी नेसतात, केस विंचरतात आणि खाटेवर ताठ बसतात. तुमची सभा सुरू होते तेव्हापासून संपेपर्यंत. मग साडी बदलून, घडी घालून ठेवतात. तोंडातून शब्द नाही.

कुलदीप शनिवारी, पाच एप्रिलला, गाडी घेऊन येतोय. तू काय ते ठरव. मी तुला काही शिकवणार नाही.

सुमतीताई


अकोला, २८ मार्च २०२५
(स्पीड पोस्टानं पाठवते आहे, महाग पडलं तरी)

प्रिय सुमतीताई,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र प्रणालीला वाचून दाखवलं. सगळं, मनगटाचं आणि पातूरच्या बसचंही. माझं मागचं पत्र मी तिला तोंडी सांगितलं, गादीसकट. ती ऐकत होती आणि वांगी चिरत होती. उजव्या हातानं चिरते आता. मैनाबाईंबद्दल म्हणाली, “मग मोठीमायला म्हणावं, आता विचार. समोर बसून, डोळे उघडे ठेवून विचार.” आणि मला म्हणाली, “तू सांगितलं नव्हतंस हे मला त्या दिवशीच कळलं होतं. पण तू त्यांच्याशी भांडली नाहीस म्हणून मी बोलत नव्हते.” दीड महिना मी ज्या दोषासाठी झुरत होते तो माझ्यावर नव्हताच, दुसराच होता.

आता गंमत ऐक. सोमवारी सलोमीबाई मागच्या दारानं आल्या. आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका, कडक इस्त्रीच्या. कांदे आहेत का, म्हणाल्या. दिले. तरी जाईनात. मग हळूच, “सुवार्ता, ती रबराची शीट कुठून आणलीस गं? माझ्या बहिणीला हवी होती.” त्यांना बहीण नाही, ताई! मंगळवारी तबिथाबाई आल्या. त्यांना ‘नातवासाठी’ हवी आहे, नातू कॉलेजात आहे. बुधवारी आणखी एक आल्या, त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनी शपथ घातली आहे. त्या दिवशी हसलेल्या दोघी यांतल्याच! मला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला, की मी पिठाचा डबा आपटला. या सगळ्या डोळे मिटून बसल्या होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं की हे काय असतं, आणि एकटी मैनाबाई उघडी पडली. आणि पाडणारी मी.

काल गुरुवार. जाऊबाई गेल्यापासून सभा वीस मिनिटांत आटपते. देश, पुढारी, पाऊसपाणी, आमेन, चहा. तुझ्या अमरावतीसारखी झाली आहे. काल मी उभी राहिले आणि म्हटलं, मी आज प्रार्थना करणार नाही, डोळे उघडे ठेवा, मला तुमच्याशी बोलायचं आहे. म्हटलं, त्या दिवशी मी देवाशी बोलत नव्हते. मी तुम्हाला चुगली सांगत होते आणि देवाला साक्षीला बसवलं होतं. मैनाबाईंनी माझ्या पोरीचं तसंच केलं होतं. ते चूक होतं आणि माझंही चूक होतं. प्रणाली नवऱ्यानं मारलं म्हणून आली आहे, आणि ती ठरवेल तेव्हा, ठरवेल तिथं जाईल. हे मी तिला विचारून सांगते आहे. आणि ज्यांना शीट हवी आहे त्यांनी पुढच्या दारानं यावं, मागच्या दारी माझी तुळस तुडवली जाते.

कुणी हसलं नाही. सलोमीबाई तेवढ्या खोकल्या.

ताई, खोटं लिहिणार नाही. मला मैनाबाईंवर प्रीती वाटत नाही. मी आज सकाळी गुडघ्यावर बसून शोधली, सापडली नाही. राग जिथल्या तिथं आहे. कुलदीपवर तर इतका आहे, की काल यांच्या फोनवरून त्याला म्हटलं, “नाव काढून टाक त्या आश्रमातून. आई आमच्याकडे राहील. आणि महिन्यातून एकदा तू इथं येऊन तिच्यासमोर बसशील, दारात रिक्षा थांबवून न ठेवता.” तो ‘काकू, काकू’ करत राहिला, मी फोन ठेवला. मग मी आणि प्रणालीनं मैनाबाईंची खाट आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ओढली. आता त्या भिंतीमागून ऐकणार नाहीत, जे ऐकायचं ते आमच्यात बसून ऐकतील.

त्यांना माझा निरोप जसाच्या तसा सांग. कानात नको, नीट ऐकू जाईल असा सांग. म्हणावं: सुवार्तानं गादीचं बोलायला नको होतं. तिनं बायांसमोर केलं होतं, तर बायांसमोरच कबूल केलं. तुम्ही प्रणालीचं बोलायला नको होतं. ते तुम्ही तिला सांगा, तिच्यासमोर बसून, डोळे उघडे ठेवून. ती ऐकेल, माफ करीलच असं नाही. तिचं नाव तिला विचारल्याशिवाय प्रार्थनेत घ्यायचं नाही. बाकी माझं नाव आहे, ते घ्या. माझ्या चहासाठी, भाकरीसाठी, चिकटपणासाठी काय मागायचं ते मागा. मला राग येईल. मी सभा संपल्यावर तुमच्यासमोर बसून भांडेन. अकीलाभाभीनंही यायचं कबूल केलं आहे. पण मुकं राहायचं नाही. साडी नेसून तयार बसलात तर तोंडही उघडा.

आणि त्या ‘कोणत्या तोंडानं जाऊ’ म्हणाल्या, तर सलोमीबाईंच्या बहिणीची गोष्ट सांग. माझी परवानगी आहे.

रविवारी, सहा तारखेला, प्रभुभोजन आहे. भाकर मी करणार आहे. ताट जाऊबाईंकडून माझ्याकडे येईल अशा बेतानं दोघी एकाच बाकावर बसू. घ्यायचं की पुढे सरकवायचं ते तिथं बघू, मी आत्ता वचन देत नाही.

रबर शीट अजून चार पाठव. पार्सलवर ‘रबर शीट’ असंच लिही, मोठ्या अक्षरात. पोस्टमनला वाचू दे.

हे बुधवारी सकाळच्या बसनं अमरावतीला पोचतील आणि दुपारच्या बसनं त्यांना घेऊन निघतील. त्या येणार का, हे उलट टपालानं कळव. नाही म्हणाल्या तरी कळव, मग मी स्वतः येईन, भांडायला. पण लवकर लिही, त्यांनी गुरुवारच्या आधी इथं पोचायला हवं.

तुझी,
सुवार्ता